पाळक आणि मंडळीतली माणसं : घरभेट, मैत्री आणि विश्वास यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नगर आणि बीडकडच्या खेड्यांत आणि नंतर पिंपरी-चिंचवडमध्ये पाळकीय सेवा करताना पंचांनी, तरुण पाळकांनी आणि सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयात, शिकणाऱ्या मुलामुलींनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, ते इथे एकत्र केले आहेत. मी प्रोटेस्टंट मंडळीत वाढलो, त्यामुळे शब्द तिथलेच येतील : मंडळी म्हणजे चर्चचे सभासद, पाळक म्हणजे त्यांचा धर्मगुरू, पंच म्हणजे चर्चचा कारभार पाहणारे सभासद. कॅथलिक वाचकांनी पाळकाच्या जागी फादर असं वाचलं तरी बरंचसं लागू पडेल.

उपदेश चांगला झाला, उपासना वेळेवर झाली, तर पाळकाचं काम झालं ना? घरोघर कशाला जायचं?

उपदेश चांगला असलाच पाहिजे. पण समोर कोण बसलंय हे ठाऊक नसेल तर चांगला उपदेशही अंधारात दगड मारल्यासारखा होतो. सेवेच्या दुसऱ्या वर्षी मी मत्तयच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायावर बोललो. सातांच्या सत्तर वेळा क्षमा करा. तयारी भरपूर केली होती. उपदेश संपायच्या आत तिसऱ्या बाकावरचा एक शेतकरी उठून बाहेर गेला आणि पुढचे चार रविवार फिरकला नाही. मला वाटलं, वचन बोचलं असेल.

मग एका संध्याकाळी त्याच्या ओट्यावर जाऊन बसलो. गुरांना पाणी पाजून झालं, चहा झाला, आणि तो हळूहळू बोलायला लागला. विहीर दोघा भावांत सामाईक होती. थोरल्याने दोन उन्हाळे याची पाण्याची पाळी दाबली होती. मोसंबीची बाग वाळली, मुलीचं लग्न वर्षभर पुढे गेलं. तो थोरला पहिल्या बाकावर बसायचा आणि त्या रविवारी मान डोलवत होता. "साहेब, तुम्ही मला माफ कर म्हणलात. त्याला पाणी सोड म्हणून कुणी सांगायचं?"

मी तो अध्याय २१व्या वचनापासून वाचला होता. त्याच अध्यायात १५व्या वचनात प्रभूने सांगितलंय की भावाने अपराध केला तर त्याला एकांतात गाठून तो दाखव, आणि ऐकलं नाही तर आणखी एकदोघांना बरोबर घेऊन जा. एका वडीलधाऱ्या पंचांना घेऊन मी थोरल्याकडे गेलो. तीनदा जावं लागलं. पाळी परत मिळाली ती पुढच्या रब्बीला. ओट्यावर गेलो नसतो तर मी दर वर्षी तोच उपदेश तितक्याच आवेशाने करत राहिलो असतो आणि तो माणूस मंडळीतून कायमचा गेला असता. त्या दिवसापासून घरभेटीला मी उपदेशाची तयारीच मानतो.

याला पवित्र शास्त्रात आधार आहे का, की ही फक्त आपल्याकडची रीत?

भरपूर आहे. उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावानं हाक मारतो (योहान १०:३). मार्क ३:१४ मध्ये येशूने बारा शिष्यांना नेमण्याचं कारण दिलंय, त्यात "त्यांनी त्याच्याबरोबर असावं" हे आधी येतं आणि घोषणेसाठी पाठवणं नंतर. प्रेषित पौल इफिसच्या वडिलांना, म्हणजे तिथल्या मंडळीच्या पुढाऱ्यांना, आठवण करून देतो की त्याने चारचौघांत आणि घरोघरी शिकवलं (प्रेषितांची कृत्ये २०:२०).

पण मला सर्वांत जास्त शिकवलं ते रोमकरांस पत्राच्या १६व्या अध्यायाने. उपासनेत आपण तो सहसा वाचत नाही, कारण त्यात नावंच नावं आहेत. सलाम कळवलेलीच जवळजवळ पंचवीस. आणि पौल तोवर रोमला गेलेलासुद्धा नव्हता! फीबीची तो शिफारस करतो, प्रिस्का आणि अक्विल्ला यांनी आपल्यासाठी मान धोक्यात घातली म्हणून सांगतो, आणि रूफच्या आईला सलाम कळवताना म्हणतो की ती माझीही आईच. देवाचं नीतिमत्त्व, कृपा, इस्राएलाचं भवितव्य एवढं सगळं सांगून झाल्यावर ज्याला कोणाची आई आठवते, तो पाळक. आयुष्याच्या अखेरीस तुरुंगातून आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहितानाही तो त्रोवसला कार्पाकडे राहिलेला झगा मागवतो आणि हिवाळ्याआधी ये म्हणतो. थंडी वाजतेय हे मोकळेपणी सांगता येईल असं नातं त्यानं जोडलं होतं.

मराठी ख्रिस्ती समाजात ही परंपरा कितपत जुनी आहे?

अमेरिकन मराठी मिशनचं काम १८१३ साली मुंबईत सुरू झालं आणि १८३१ मध्ये नगरला आलं. तेव्हापासून पाळक, शाळामास्तर आणि बायबलबाई (घरोघर जाऊन बायकांना बायबल सांगणाऱ्या सेविका) यांनी गावोगाव पायी आणि बैलगाडीने फिरून माणसं धरून ठेवली. बायबलबाईंचं ऋण आपण फार कमी बोलून दाखवतो. पाळकाला जिथे ओट्याच्या पुढे जाता येत नव्हतं, तिथे त्या चुलीपर्यंत पोचल्या.

कवी नारायण वामन टिळकांचंच पाहा. १८९३ साली रेल्वेच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाशी त्यांचं बोलणं झालं. त्या गृहस्थाने वाद घातला नाही. काव्याविषयी गप्पा मारल्या आणि नवा करार हातात ठेवला. डोंगरावरचं प्रवचन वाचताना टिळक त्यात बुडून गेले आणि १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी घेतला तो १९०० साली. मधली पाच वर्षं किती ओढाताणीची होती, हे त्यांच्या आठवणी वाचलेल्या प्रत्येक मराठी माणसाला माहीत आहे. एका घरातल्या दोन माणसांना एकाच ठिकाणी यायला पाच वर्षं लागली. मंडळीतल्या कुणाला आपण पाच महिन्यांतच "हा काही सुधारत नाही" असं म्हणून टाकतो, तेव्हा मला ही पाच वर्षं आठवतात.

घरभेटीत नेमकं काय करायचं?

आधी निरोप द्या. शेतकऱ्याकडे दिवेलागणीनंतर, कंपनीत पाळी असलेल्याकडे त्याची शिफ्ट विचारून. मोबाइल खिशात, आणि आवाज बंद. घरातल्या सगळ्यांशी बोला, विशेषतः आतल्या खोलीत झोपून असलेल्या म्हाताऱ्या माणसाशी आणि कोपऱ्यात अभ्यास करणाऱ्या मुलाशी. अर्धा तास पुरे. आधी ऐका, मग एखादं छोटं वचन वाचा, मग प्रार्थना करा. प्रार्थनेत नावं घ्या. "या कुटुंबाला आशीर्वादित कर" असं म्हणणं सोपं आहे. दहावीच्या मुलीचं नाव घेऊन तिच्या बीजगणिताच्या पेपरसाठी प्रार्थना केली की तिला कळतं, साहेबांनी मघाशी माझं ऐकलं होतं.

वर्गणीचा विषय घरभेटीत काढू नका. कधीच नाही. वर्गणीची पावती घेऊन येणारा पाळक एकदा मनात बसला की पुढच्या वेळी दार उघडायच्या आधी पाकीट शोधलं जातं.

आणि चहाला नाही म्हणू नका. ज्यांच्या घरचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या नाकारलं गेलं, अशा घरांतून आपली बरीचशी मंडळी आलेली आहे. तिथे कपभर कोरा चहा पिणं हीसुद्धा सुवार्ता आहे. मधुमेह असेल तर बिनसाखरेचा मागा, पण घ्या.

मंडळीत शंभराच्या वर कुटुंबं आहेत. एकट्याने कसं जमायचं?

सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या किडरमिन्स्टर गावी रिचर्ड बॅक्स्टर नावाचे पाळक होते. त्यांच्या मंडळीत ८०० हून अधिक कुटुंबं. सोमवार आणि मंगळवार हे दोन्ही दिवस ते आणि त्यांचे साहाय्यक एकेका कुटुंबाला वेळ देत. आठवड्याला पंधरा-सोळा कुटुंबं, म्हणजे वर्षभरात गाव पुरं. प्रकृती त्यांची कायम नाजूक होती, तरीही.

आपला हिशेब तर सोपा आहे. १२० कुटुंबं असतील आणि आठवड्याला पाच घरं झाली, तर २४ आठवड्यांत एक फेरी होते. वर्षात दोन. आजारी, नुकतं कुणी गेलेलं, बाळंतीण, नोकरी सुटलेला, दारू सोडायच्या खटपटीत असलेला, या घरांना फेरीची वाट पाहायला लावू नका.

उरलेलं काम वाटून द्या. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करणाऱ्या मोशेला सासऱ्याने, इथ्रोने, स्पष्ट सांगितलं होतं की अशाने तूही थकशील आणि लोकही थकतील (निर्गम १८). पंच म्हणजे फक्त हिशेब तपासणारे आणि छताच्या पत्र्यांवर चर्चा करणारे नव्हेत. प्रत्येकाकडे दहा घरं द्या. महिला मंडळाला तर कुठली सून कशी आहे हे पाळकाच्या आधी माहीत असतं.

अर्धी मंडळी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाते. ती थेट मार्चमध्ये परत येते. त्यांचं काय?

त्यांच्याकडे जायचं. हाजरीपटावर सहा महिने गैरहजर अशी खूण करून मोकळं व्हायचं नाही.

एका जानेवारीत मी साखर कारखान्याजवळच्या कोप्यांवर, तोडकऱ्यांच्या झोपड्यांवर, गेलो होतो. रविवार असो की नाताळ, तोड थांबत नाही, म्हणून रात्री आठला पोचलो. मुकादमाला आधी सांगून ठेवलं होतं. पहाटे तीनला उठलेली माणसं. चार कुटुंबं आमच्या गावची, बाकीचे शेजारी नुसतेच ऐकायला आलेले. बसायला वाढ्याची (उसाच्या शेंड्यांची) पेंडी, उजेडाला बॅटरी, बांबूला टांगलेल्या झोळीत एक तान्हं. मी पुस्तक उघडणार तेवढ्यात एकीने विचारलं, "साहेब, म्हातारी कशीय?" निघायच्या आदल्या दिवशी मी गावात तिच्या सासूला भेटलो होतो आणि तिचा आवाज मोबाइलमध्ये भरून घेतला होता. तो लावला. म्हातारी सांगत होती की शेळी व्याली, दोन करडं झाली, पोरगं शाळेत जातंय, त्याच्या नाकातून रक्त येतं ते थांबलं. चौघी बायका एका मोबाइलवर वाकून ऐकत होत्या. तिसऱ्यांदा लावायला सांगितलं. मग 'उपासना संगीत'मधलं एक गीत झालं, दहा मिनिटं वचन झालं, आणि प्रार्थनेला सुरुवात करताच बाप्यांपैकी दोघे बसल्या बसल्या झोपले. मी त्यांना उठवू दिलं नाही.

जाताना एवढं पाहा : गावात राहिलेल्या मुलांची आणि म्हाताऱ्यांची भेट घेऊनच तिकडे जा, आणि तिकडून आल्यावर पुन्हा त्यांना भेटा. निरोप नेणं-आणणं हेच तिथलं पाळकपण.

शहरात लोक घरी बोलवत नाहीत. सोसायटीच्या गेटवरच अडवतात.

खरं आहे, आणि त्यात त्यांचा दोष नाही. नवरा-बायको दोघेही नोकरीला, आठ वाजता घरी येणार, पसारा पडलेला. त्यांना पाळकाची भेट म्हणजे परीक्षा वाटते. तिथे त्यांच्या सोयीच्या जागी भेटा. हिंजवडीत मी एका मुलाला सहा महिने कंपनीच्या बाहेरच्या टपरीवर भेटत होतो, गुरुवारी पंधरा मिनिटं. त्याच्या घरी पहिल्यांदा गेलो ते त्याच्या वडिलांना पक्षाघात झाल्यावर, आणि तेव्हा फोन त्यानेच केला.

रोज सकाळी ग्रुपवर वचन टाकतो. तेवढं पुरे नाही का?

नाही. वचन जरूर टाका, पण ते वाचून कोण रडलं हे ग्रुपवर दिसत नाही.

दुःखाच्या घरी काय बोलावं?

शक्य तितकं कमी. ईयोबाचे तीन मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले (ईयोब २:१३). तोवर ते खरे मित्र होते. बोलायला लागले तिथे बिघडलं.

एका घरी कॉलेजात जाणारा मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गेला. मी वचनं शोधून गेलो होतो. आई भिंतीकडे तोंड करून पडलेली. मी काही वाचायला लागलो तर तिने कानांवर हात ठेवले. तिसऱ्या दिवशी मंडळीतल्या एक निवृत्त बायबलबाई आल्या. अंगण झाडलं, पिठलं-भाकरी केली, मग तेलाची बाटली घेऊन आईच्या उशाशी बसल्या आणि तिचे केस विंचरायला लागल्या. तासभर एक शब्द नाही. मग ती आई उठून बसली आणि तिने मुलाविषयी बोलायला सुरुवात केली. सांत्वन कसं करायचं हे मी त्या बाईंकडून शिकलो.

"देवाला तो जास्त प्रिय होता" असं म्हणू नका. "तुमचा विश्वास कमी पडला" हे तर चुकूनही नको. मातीला, म्हणजे दफनाला, गर्दी असते, सांत्वन सभेला खुर्च्या कमी पडतात. तुम्ही त्यानंतर जा : महिन्याने, सहा महिन्यांनी, पहिल्या नाताळला, मुलाच्या वाढदिवसाला. आणि त्याचं नाव घ्या. नाव घेतल्याने दुःख वाढेल अशी भीती वाटते, पण घरच्यांना सगळे त्याला विसरले याचंच जास्त वाईट वाटत असतं.

कुणी जगण्याचीच इच्छा उरली नाही असं बोललं, तर प्रार्थना करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत न्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. मानसिक आजारावर गोळ्या घेणं हा अविश्वास नव्हे, हे व्यासपीठावरूनही सांगा.

विश्वासाने सांगितलेली गोष्ट कुठवर गुप्त ठेवायची?

ती दुसऱ्याची ठेव आहे. पत्नीलाही नाही, पंचांनाही नाही. आणि आपल्याकडे ती फुटते कुठे, तर बहुतेक वेळा प्रार्थनेतच. "अमक्या बहिणीच्या घरात जे चाललंय त्यासाठी प्रार्थना करू या" म्हटलं की आमेन व्हायच्या आत गावभर झालं.

माझ्याकडूनही झालं आहे. नाव न घेता एका कुटुंबातलं उदाहरण मी उपदेशात दिलं. गाव तीनशे उंबऱ्यांचं, नाव घ्यायची गरजच नव्हती. मी माफी मागायला गेलो, त्यांनी पाणी दिलं, बसायला सांगितलं, पण त्यानंतर त्या घरात मला कुणी काही सांगितलं नाही. तेव्हापासून मंडळीतलं उदाहरण द्यायचं तर आधी त्या माणसाची परवानगी घेतो, आणि बहुधा देतच नाही.

एका बाबतीत मात्र गुप्ततेचं वचन देऊ नका. अल्पवयीन मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, पाळकावरही. "मंडळीची बदनामी होईल" हे कारण चालत नाही, कायद्यापुढेही नाही आणि देवापुढेही नाही. १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक शब्बाथ शाळेच्या भिंतीवर मुलांना वाचता येईल अशा उंचीवर लावा.

स्त्रियांशी बोलताना पाळकाने काय काळजी घ्यावी?

ती घरात एकटी असेल तर आत जाऊ नका, पाळकीणबाई किंवा महिला मंडळातल्या कुणाला बरोबर घ्या. चर्चच्या ऑफिसात बोलायचं तर दार उघडं. रात्री उशिरा मेसेज नकोत. पाळकाकडे माणसं ज्या विश्वासाने येतात, त्या विश्वासाचं वजन मोठं असतं, आणि ते सांभाळायची जबाबदारी पूर्णपणे पाळकाची असते.

मार खाणाऱ्या बाईला "सहन कर, प्रभू त्याला बदलेल" असं सांगून परत पाठवणारे पाळक मी पाहिले आहेत. हा मोठा अन्याय आहे. आधी ती आणि मुलं सुरक्षित कुठे राहतील ते पाहा. तिला न विचारता नवऱ्याला बोलावून समजूत घालायला जाऊ नका, त्याची शिक्षा रात्री तिलाच मिळते. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात, १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे. नवऱ्याशी बोलायची वेळ नंतर येते.

पाळकाने मंडळीत जवळचे मित्र करावेत का? गट पडतात म्हणतात.

मित्र करावेत. गट पडतो तो मैत्रीने नाही, मैत्रीतून सवलती दिल्या की पडतो. मित्राच्या मुलाच्या लग्नाला तासभर बसलात तर मंडळीतल्या सर्वांत गरीब घरच्या लग्नालाही तासभर बसा. मंडळीत कुणाकडून उसने पैसे घेऊ नका.

जोडलेली नाती म्हणजे धर्मांतराचं आमिष, असा संशय घेतला जातो. काय उत्तर द्यायचं?

शेजारी हिंदू आहे, बौद्ध आहे, मुसलमान आहे, म्हणून त्याच्या दवाखान्यात डबा न्यायचा नाही का? न्यायचा, आणि तो डबाच असू द्यायचा. ज्या मदतीच्या पोटात दुसरा हेतू आहे ती प्रीती नव्हे, आणि समोरच्याला ती ओळखू येते. मोकळेपणी वागा, लपवाछपवी करू नका, विचारलं तर आपला विश्वास सरळ सांगा.

पाळकाचं स्वतःचं कोण?

हा प्रश्न मला फार उशिरा, आणि तोही एका पंचाच्या पत्नीने विचारला. गेथशेमाने बागेत, धरलं जाण्याआधी, प्रभूनेही तिघा शिष्यांना सांगितलं होतं, इथे राहा आणि माझ्याबरोबर जागे असा (मत्तय २६:३८). ज्याच्यापुढे साहेब म्हणून बसावं लागत नाही असा एक तरी माणूस मंडळीबाहेर ठेवा. माझा असा एक मित्र दुसऱ्या डायोसिसमध्ये (बिशपच्या प्रांतात) आहे, दर सोमवारी रात्री फोन होतो. मंडळीलाही विनंती : पाळकाच्या मुलांकडून इतर मुलांपेक्षा वेगळी अपेक्षा ठेवू नका, आणि पाळकीणबाईंना कधी तरी नुसतं "तुम्ही कशा आहात?" असं विचारा.

बदली झाली. आता या नात्यांचं काय करायचं?

रडू आलं तर रडा. मिलेत गावी निरोप घेताना पौलाच्या गळ्यात पडून इफिसचे वडील रडलेच होते. पण नव्या पाळकांना जागा द्या. जुन्या मंडळीतला कुणी फोन करून त्यांची तक्रार सांगू लागला तर "हे त्यांनाच सांगा" म्हणा. लग्नकार्याला बोलावलं तर नव्या पाळकांना विचारून जा, आणि पाहुणा म्हणून मागे बसा.

घरभेटींची वही असते, त्यातल्या विश्वासाने सांगितलेल्या गोष्टींची पानं फाडून जाळून टाका. बाकीची एका कागदावर उतरवून नव्या पाळकांच्या हातात द्या. मी मागच्या वेळी दिला त्यात असं होतं : गावठाणातल्या आजींना प्रभुभोजन घरी न्यावं लागतं, त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजवीकडे बसा. पत्र्याच्या घरातला मुलगा यंदा बारावीला आहे, पुस्तकांची चौकशी करा. मळ्यातल्या दोघा भावांची विहीर सामाईक आहे, उन्हाळ्याच्या तोंडाला एकदा दोघांकडेही जाऊन या.